मार्केट मेकर भाव राखायला बसलेला नसतो

एसएमई मंचावरचा (शेअर बाजारातला लहान-मध्यम कंपन्यांचा विभाग) शेअर तुम्ही १२ रुपयांना घेतलात, आता रोज ५ टक्क्यांचे लोअर सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव पडण्याची कमाल मर्यादा, लागते आणि विक्रीची ऑर्डर संध्याकाळी तशीच परत येते. मग मार्केट मेकर, म्हणजे खरेदी-विक्रीचे भाव देत राहणारा ब्रोकर, नेमलेला असतो तो कशासाठी, असा तुमचा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी याच अवस्थेत मीही होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी सेबी-नोंदणीकृत सल्लागार नाही, हे आधीच सांगतो.

एसएमई मंचावर शेअरची बाजारात नोंदणी (लिस्टिंग) झाल्यापासून किमान ३ वर्षे मार्केट मेकर सक्तीचा असतो आणि व्यवहाराच्या ७५ टक्के वेळ त्याने खरेदी व विक्री असे दोन्ही भाव द्यावे लागतात. मात्र भाव किती द्यायचा, हे तोच ठरवतो. विक्रेते वाढले की तो आपली बोली, म्हणजे खरेदीचा भाव, पायरीपायरीने खाली आणतो, आणि दुसरा ग्राहकच नसल्यामुळे त्याची बोली हाच बाजारभाव होऊन बसतो. शिवाय २० कोटींपर्यंतच्या इश्यूत (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत) त्याच्याकडचा साठा इश्यूच्या २५ टक्क्यांवर पोहोचला की खरेदीचा भाव देण्यातून त्याला सूट मिळते. म्हणजे सगळ्यांनाच विकायचे असते, नेमका तेव्हाच तो बाजूला होऊ शकतो.

माझी चूक याहून साधी होती आणि तीच मला सर्वांत महागात पडली. प्रत्येकी १०,००० शेअरांचे दोन लॉट (एका वेळी घ्यायचे-विकायचे ठरावीक गठ्ठे) मी घेतले, तेव्हा त्या कंपनीची ३ वर्षे पुरी व्हायला जेमतेम पाच आठवडे उरले होते. मुदतीची अट प्रॉस्पेक्टसमध्ये (इश्यूच्या माहितीपत्रकात) स्पष्ट लिहिलेली होती, पण मी ते उघडलेच नाही. टिळक रस्त्यावरच्या ज्या ब्रोकर कार्यालयात माझे खाते होते, तेथे मी विचारले होते, आणि ‘मार्केट मेकर आहे, ग्राहक कायम मिळेल’ एवढेच उत्तर मिळाले. मुदत संपली, बोली नाहीशी झाली आणि दहा सर्किटांत १२ चे ७ रुपये २० पैसेही राहिले नाहीत. नंतर त्याच कार्यालयात तीन खेपा घातल्या. प्रत्येक वेळी ‘साहेब बाहेर गेले आहेत’ हेच ऐकावे लागले. मुदतीची तारीख सांगणे हे त्यांचे काम होते, असे मला आजही वाटते, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तोंडी आश्वासनाची तक्रार सेबीच्या स्कोर्स या तक्रार-संकेतस्थळावर टिकवणे अवघड जाते. म्हणून अशी विचारणा ईमेलनेच करावी.

मेनबोर्डवरच्या (मुख्य बाजारातल्या) पेनी शेअरांना, म्हणजे अगदी कमी भावाच्या शेअरांना, असा सक्तीचा मेकर नसतो. तेथे लोक ज्याला मेकर म्हणतात तो बहुधा ऑपरेटर, म्हणजे भाव कृत्रिमपणे हलवणारा, असतो. आपल्याच खात्यांमध्ये शेअर फिरवून तो उलाढाल दाखवतो, आणि सेबीच्या २००३ च्या नियमांनुसार हा गैरव्यवहार आहे. अप्पर सर्किटला लागलेली लाखो शेअरांची खरेदी पाहून मागणी खरी मानू नका, कारण ती ऑर्डर क्षणात रद्द करता येते.

तुमच्या बाबतीत प्रथम नोंदणीची तारीख पाहा. ३ वर्षे व्हायची असतील, तर मेकरची बोली कोणत्या भावाला आणि किती शेअरांची आहे हे दिवसातून दोन-तीनदा तपासा आणि ती दिसताच निदान एक लॉट मोकळा करा; मी तुमच्या जागी असतो तर सरासरी खाली आणण्यासाठी एकही शेअर वाढवला नसता. मुदत उलटून गेली असेल, तर बाजार उघडण्याआधीच ऑर्डर रांगेत लावून ठेवा, कारण सर्किटच्या भावाला ज्याची ऑर्डर आधी, त्याचाच माल आधी विकला जातो. माझा दुसरा लॉट अकराव्या सकाळी असाच गेला.