'गणितात निष्काळजीपणा' म्हणून आणलेली वही

"मॅडम, हुशार आहे हो ती, पण गणितात लक्षच देत नाही. सोप्या वजाबाक्या चुकवते." तिसरीतल्या मुलीची आई सांगत होती. ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं प्राथमिकच्या वर्गावर शिकवलं. तिथे मुलांनीच मला शिकवलेली गोष्ट अशी, की मूल उगाच चुकत नाही. चुकीच्या उत्तरामागे त्याचा हिशोब असतो, तो आधी ऐकावा.

वहीत ५२ − २७ = ३५ होतं. पुढे ४१ − १८ = ३७. ६४ − २१ मात्र बरोबर. मी मुलीला म्हटलं, "पहिलं कसं केलंस, सांगतेस मला?" ती न अडखळता म्हणाली, "सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातूनच लहान जातो ना?" म्हणजे पोर नियम पाळत होती, अगदी निष्ठेने! एककाच्या घरात वरचा अंक लहान असला, की तो नियम तिला फसवत होता.

खेळण्यातल्या दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवली. "मला सत्तावीस रुपये दे." दोन नोटा लगेच दिल्या. मग नाण्यांपाशी थबकली. "सात सुटे नाहीयेत. एक नोट मोडून द्याल?" पुस्तकात 'दशक सुटा करणे' म्हणतात ते तिला बाजारातून आधीच ठाऊक होतं, वहीशी त्याची गाठ पडली नव्हती.

आईचे डोळे भरून आले. रोज रात्री याच वजाबाक्यांवरून घरात रडारड व्हायची. त्यांना म्हटलं, आठवडाभर फुली मारू नका. "कसं केलंस?" एवढंच विचारा, आणि बरोबर उत्तरालाही विचारा. नाहीतर हा प्रश्न आला म्हणजे चुकलंच, असं मूल धरून चालतं.

सगळ्याच मुलांचं एवढ्यावर भागत नाही. काही महिने नीट मदत करूनही संख्या, अक्षरं अडतच राहिली, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातच असलेल्या मूळच्या अडचणीची, तपासणी जरूर करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेत सवलती मिळू शकतात. तपासणी करायची म्हणजे मुलाला शिक्का बसेल, या भीतीने कृपया वर्षं घालवू नका.