एकाच वेलीला लाल आणि पिवळी फुलं कशी?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरचा. परवा मुलीला घेऊन विजापूर रोडच्या वनविहारात गेलो होतो, नुकताच पाऊस होऊन गेलेला, तर घाणेरीच्या जाळीत एक वेल दिसली. खालची फुलं लालभडक आणि शेंड्याकडची हिरवट पिवळी, पाकळ्या सगळ्या उलट्या वर वळलेल्या. मुलगी म्हणते दोन वेली एकात एक गुंतल्यात. मोबाईलचं अ‍ॅप दरवेळी वेगळंच नाव सांगतंय. फोटो पाठवलेत. कंद खणून आणून गच्चीत लावला तर जगेल का?

उत्तर : वेल एकच आहे बघा, कळलावी, काहीजण अग्निशिखा पण म्हणतात. फूल उमलताना हिरवट पिवळं असतं आणि दिवस जातील तसं केशरी, मग लाल होत जातं, खालची फुलं आधी उमलतात म्हणून ती आधी लाल झाली, बाकी काही नाही.

अ‍ॅपचं म्हणाल तर त्याला नुसतं फूल दाखवून भागत नाही, पान दाखवा. तुमच्या दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात एक पान चुकून आलंय, मला तर तेवढ्यावरच कळलं, कारण कळलावीच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं बारीक होऊन गुंडाळी करतं आणि त्यानेच ती शेजारच्या फांदीला धरून वर चढते. तरी शंका असेल तर फुलाखाली वाकून बघा, सहा पाकळ्या वर, सहा पुंकेसर चहूबाजूंनी पसरलेले आणि मधली दांडी बुडातूनच काटकोनात बाजूला वळलेली. असलं दुसरं फूल आपल्याकडच्या माळावर तरी मी बघितलं नाही.

आता कंदाचं. खणू नका! एकतर ती वनखात्याची जागा, आणि दुसरं म्हणजे ही वेल सगळीच विषारी, त्यात कंद आणि बिया जास्त. कोल्चिसिन असतं त्यात, गाऊटवर डॉक्टर देतात तेच औषध, पण तिथे मात्रा मोजून असते, कंद रताळं समजून खाल्लेली माणसं दगावलेली आहेत. हौस असेलच तर नर्सरीत कंद मिळतो, पाऊस संपला की वरची वेल वाळून जाते, घाबरू नका, कुंडीतलं पाणी बंद करा, पुढच्या पावसाळ्यात तोच कंद परत फुटतो. लावताना हातमोजे घाला. आणि मुलगी लहान असेल तर फुलं गळल्यावर धरलेल्या शेंगा हिरव्या असतानाच काढून टाका, कारण त्या तडकल्या की आतून शेंदरी बिया दिसतात आणि पोरांचा हात आधी तिकडेच जातो.