बोंडअळीला बीटीची सवय झाली का?

प्रश्न : बीटी कपाशीची बोंडं फोडली की आत गुलाबी अळी दिसते. अळीला विषाची सवय झाली का? (सेलू, जि. परभणी)

उत्तर : सवय नाही, निवड झाली. बीटी कपाशी अळी मारणारं विष स्वतःच तयार करते. कोणतीही अळी आयुष्यात हे शिकत नाही. हजारोंमधल्या एखादीच्या आतड्यातलं प्रथिन जन्मतःच वेगळं असतं, विष त्याला नीट चिकटत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि आपसात जुळल्या. डोळ्यांदेखत घडलेली ही उत्क्रांतीच!

म्हणून तर 450 ग्रॅम बियाण्यासोबत शेताच्या कडेला पेरायला 120 ग्रॅम नॉन-बीटीची (हे विष नसलेल्या कपाशीची) पुडी मिळायची. कडेच्या त्या 5 ओळींत साधे, म्हणजे प्रतिकार नसलेल्या अळ्यांचे पतंग वाढतात. त्यांचा प्रतिकारक पतंगाशी संकर झाला, तर पिल्लाला प्रतिकाराचं एकच जनुक मिळतं आणि ते बीटीवर बहुधा मरतं. अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही, हे फार महागात पडलं. त्यात ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. साधे पतंग दुसऱ्या पिकातून येणार कुठून?

आता फरदड (हंगाम संपल्यावरही पुन्हा बोंडं घेण्यासाठी उभं ठेवलेलं पीक) अजिबात ठेवू नका, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या (कपाशीची उभी झाडं) काढा. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. एका सापळ्यात सलग 3 रात्री दररोज 8 पतंग आले, तर फवारणी करा. पाकळ्या गुलाबकळीसारख्या मिटलेली डोमकळी तोडून अळीसकट नष्ट करा.