नवीन वर्षात वाकळ शिवणाऱ्याने काय ठरवावं?

प्रश्न असा आहे: 'कोल्हापुरात राहते. तीन वर्षं हौस म्हणून गोधड्या शिवते आहे. दर जानेवारीला "यंदा सहा" असं ठरवते. कपाटात जुन्या साड्यांचा ढीग आहे, चार कामं अर्धवट पडलीत, आणि पुरी एकही होत नाही. नवीन वर्षात नेमके कोणते संकल्प करावेत?'

उत्तर:

सहाचा आकडा आधी खोडा. हाताने टाके घालणार असाल तर वर्षाला एक मोठी वाकळ, म्हणजे गोधडी, आणि जमलं तर एखादं दुपटं, एवढंच लिहा. कमी वाटेल, पण हिशेब मांडून बघा. वाकळ ६० इंच रुंद आणि ८७ इंच लांब. धावदोऱ्याच्या (साध्या सरळ टाक्याच्या) ओळी इंचाइंचावर, लांबीच्या दिशेने. म्हणजे साधारण ६० ओळी. एका ओळीला तुम्हाला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून मोजा. समजा ४० मिनिटं लागली, तर नुसत्या टाक्यांना ४० तास झाले. आठवड्यातून चार तास बसणं होत असेल तर दहा आठवडे. कापणं, जोडणं, थर लावणं, गोट (कडेची पट्टी) भरणं यातलं काहीच अजून धरलेलं नाही. दोऱ्याचंही तसंच. ६० गुणिले ८७ म्हणजे सरळ मोजून १३३ मीटर. दोरा थरांतून वर-खाली जातो, टोकांना वाया जातो, म्हणून दीडपट धरायचा. २०० मीटर एकाच रंगाचा दोरा सुरुवातीलाच घेऊन ठेवा. अर्ध्यात संपला की दुसऱ्या रिळाचा पांढरा पहिल्याशी जुळत नाही.

दुसरा संकल्प कामाच्या क्रमाचा. इथल्या हवेप्रमाणे कामं लावली की अर्धी वाकळ आपोआप पुढे सरकते. जानेवारी-फेब्रुवारीत साड्या धुवायच्या, वाळवायच्या, निवडायच्या. हवा कोरडी असते, ऊन पुरेसं असतं. मार्च ते मे कापणं आणि तुकडे जोडणं, कारण ते काम हातात हलकं असतं. उकाड्यात मांडीवर पाच थर घेऊन कुणी बसत नाही. पाऊस लागायच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, थर लावून कच्चा टाका (थर तात्पुरते धरून ठेवणारा) मारलेला हवा. हे काम गच्चीवर करायचं तर सकाळीच. दुपारनंतर वळिवाचा भरवसा नाही. मग जून ते सप्टेंबर टाके. बाहेर धार लागलेली असते, मांडीवर वाकळ बरी वाटते, आणि वीज गेली तरी खिडकीशी बसून सुई चालते. ऑक्टोबरच्या उन्हात धुणं आणि वाळवणं. दिवाळीनंतरच्या थंडीला वाकळ अंगावर.

हा क्रम उलटला की काय होतं? जुलैत थर लावले तर कापडात दमट हवेचा ओलावा राहतो, पाच थर एकमेकांवर शिवले जातात आणि आत बुरशीचा वास धरतो. नंतर कितीही ऊन दाखवा, मधल्या थरातला वास जात नाही. नाइलाजाने पावसात थर लावावेच लागले तर प्रत्येक थर गरम इस्त्रीने कोरडा करून, पूर्ण निवल्यावरच दुसऱ्यावर टाका. पावसाळ्यातली आणखी एक खोड मोडायला हवी: काम थांबवताना सुई कापडातच टोचून ठेवायची नाही. आठवडाभरात ती गंजते. तपकिरी डाग लिंबू-मिठाने निघतो खरा, पण सोबत कापडाचा रंगही नेतो. टाचण्यांचंही तेच.

अर्धवट चार कामांचं काय करायचं ते जानेवारीच्या पहिल्या रविवारी एकदाच ठरवा. प्रत्येक काम वेगळ्या कापडी पिशवीत घाला आणि वर चिठ्ठी टाचा: माप किती, दोरा कुठला, पुढची पायरी कोणती. 'पुरी करणे' असं लिहू नका, ती पायरी नव्हे. 'डाव्या बाजूच्या अकरा ओळी बाकी' असं लिहा. ज्याला फक्त टाके आणि गोट राहिलाय ते यंदाचं काम. जे नुसते जोडलेले तुकडे आहेत आणि आता बघावंसं वाटत नाही, त्याचं ३६ बाय ४० इंचाचं दुपटं करा किंवा चार आसनं करा. मोडायला लाज वाटू देऊ नका.

आता साड्यांचा ढीग. नवीन कापड घ्यायचं नाही, असली शपथ महाद्वार रोडला पहिल्या कटपीसच्या दुकानापाशी मोडते. त्यापेक्षा मोजदाद करा. साधी सुती साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच, पन्हा (रुंदी) ४५ इंचांच्या आसपास. ६२ इंचाचे तीन तुकडे निघतात. दोन तुकडे पन्ह्याने शेजारीशेजारी ठेवले की ६२ बाय ९० इंचांचा एक थर झाला. म्हणजे दोन साड्यांत आतले तीन थर. तिसरी साडी अस्तराला. अस्तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं हवं, म्हणून तिचे ६४ इंचाचे दोन तुकडे काढा आणि उरलेल्या ८८ इंचांतून पाच इंच रुंदीची पट्टी काढून दोन्हींच्या मध्ये जोडा. थोडक्यात, वरची बाजू सोडून एका वाकळीला तीन साड्या. कपाटात २४ असतील तर आठ वाकळांचं सामान झालं, आणि वर्षाला एक या हिशेबाने आठ वर्षं पुरेल. हा आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. नऊवारी असेल तर ६२ इंचाचे पाच तुकडे निघतात.

जरीचा किंवा जाड काठ मात्र ठेवू नका. सुई अडते, टाका वाकडा जातो. काठ कापला की पन्हा चार-पाच इंचांनी घटतो आणि वरचं गणित बसत नाही. अशी साडी दुपट्याला ठेवा. फॉलही उसवून टाका.

साडी टिकाऊ आहे का ते बघायला ती उन्हासमोर धरा. जिथे विणीतून उजेड जास्त येतो ती जागा झिजलेली. बहुतेक वेळा ती नेसताना जमिनीला घासणाऱ्या कडेला आणि खांद्याला पिन लागते तिथे असते. मग दोन्ही अंगठे शेजारीशेजारी ठेवून कापड बाहेर ओढा. टर्रकन गेलं तर ते फक्त आतल्या थराला, अस्तराला कधीच नाही. सुती आहे की नाही याची शंका असेल तर एक धागा काढून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतो. दोन्ही एकाच वाकळीत घालू नये. सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि दोन धुण्यांत वाकळीला फुगे येतात.

वरच्या बाजूला इचलकरंजीचं नवं पॉपलीन किंवा केंब्रिक घेणार असाल तर कापण्याआधी धुवाच. नवं सुती कापड शंभराला तीन ते पाच आटतं. ८७ इंचांवर चार टक्के म्हणजे साडेतीन इंच. आतल्या जुन्या साड्या आधीच आटून बसलेल्या असतात, त्यामुळे वरचं एकटंच आखडतं आणि सगळी वाकळ वाटीसारखी वळते. लाल, मरून, गर्द निळा यांची परीक्षा वेगळी: ओला पांढरा फडका वर ठेवून इस्त्री फिरवा. फडक्याला रंग लागला तर तो पाण्यातही सुटणार. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, आणि तरीही सुटत असेल तर ते कापड या कामाचं नाही.

'नवीन काय शिकू?' याचं माझं उत्तर फार कंटाळवाणं आहे: पाव इंच. वर्षभर नुसती कडेपासून पाव इंचावरची शिलाई पक्की करा. नऊ तुकड्यांचा ब्लॉक घ्या. साडेतीन इंचाचे नऊ चौकोन, जोडल्यावर साडेनऊ इंच, वाकळीत बसल्यावर नऊ. असे सहा आडवे आणि नऊ उभे, एकूण ५४ ब्लॉक. त्यांतले २७ नऊ तुकड्यांचे आणि २७ साडेनऊ इंचाचे सलग चौकोन, एकाआड एक. भोवती साडेतीन इंच कापलेली पट्टी लावली की बरोबर ६० बाय ८७ होतं. ४४ इंच पन्ह्याचं कापड धुऊन, किनार सोडून ४२ इंच वापरता येतं. गडद रंगाचे १३५ चौकोन लागतात, त्याला सव्वा मीटर. फिक्या रंगाचे १०८, त्याला एक मीटर. सलग चौकोनांना पावणेदोन मीटर जेमतेम पुरतं, म्हणून दोन घ्या. बाहेरच्या पट्टीला एक मीटर. यात चुकीला थोडी जागा धरली आहे.

आता चूक किती महाग पडते ते बघा. प्रत्येक शिलाई इंचाचा सोळावा भाग जास्त आत गेली, तर एका जोडाला दोन्ही तुकड्यांचा मिळून आठवा भाग जातो. नऊ तुकड्यांच्या ब्लॉकला आडवे दोन जोड, म्हणजे पाव इंच गेला. शेजारचा सलग चौकोन मात्र पूर्ण साडेनऊ. मग जोडताना एक ताणायचा आणि दुसरा चुणायचा, असा खेळ २७ वेळा. म्हणून ब्लॉक करण्याआधी मशीन तपासा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा. मधली पट्टी अचूक एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन यायला हवी. मधली कमी भरली तर शिलाई जास्त आत जाते आहे. सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चार थर एकावर एक लावा, कापडाची कड त्याला टेकवत चला. पट्टी पाव इंचापेक्षा धागाभर आत लावायची, कारण घडी वळताना कापड तेवढं खातं. सुई १४ नंबरची, टाका इंचाला दहा. आठ-दहा तासांच्या शिवणानंतर सुई बदला. बोथट सुई टकटक आवाज करते, तो ओळखायला शिका. जुन्या साडीचे चौकोन कापायचे असतील तर आधी कांजी करा, मऊ कापड पट्टीखालून सरकतं. पण कांजी केलेलं कापड शिल्लक साठवू नका, कसर लागते. इस्त्री दाबून उचलायची, ढकलायची नाही. ढकलली की चौकोनाचा पतंग होतो.

थर लावताना घाई नको, वाकळ बिघडते ती इथेच. अस्तर उलटं अंथरा, कडा चिकटपट्टीने फरशीला धरा. ताठ असावं, ताणलेलं नसावं. ताणून धरलं तर सोडल्यावर ते आखडतं आणि मागे चुण्या पडतात. आतल्या थरांचे दोन तुकडे जोडताना शिलाई घालून उलटू नका. अर्धा इंच एकावर एक चढवून सपाट धावदोरा घाला. तिन्ही थरांचे जोड एकाच जागी आले तर मधोमध कणा उभा राहतो आणि सुई तिथेच मोडते. एका थराचा एक तुकडा उभा अर्धा फाडून मोठ्या तुकड्याच्या दोन बाजूंना लावा, जोड आपोआप सरकतात. कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, जे जड असेल ते ठेवा. कच्चा टाका मधून बाहेर, चार-चार बोटांवर. कडेकडून आत आलात की सगळा फुगा मध्ये जमतो, आणि तो नंतर कुठल्याच टाक्याने बसत नाही.

धावदोऱ्याला अंगुस्तान मधल्या बोटात घालाच. नुसत्या बोटाने पाच थर ढकलले की तिसऱ्या दिवशी काम बंद पडतं. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की पीळ सुटून गाठी होतात.

गोटाला उरेब (तिरकं) कापायची गरज नाही, कडा सरळ आहेत. घेर २९४ इंच, कोपरे आणि जोड धरून ३०६. अडीच इंची आठ पट्ट्या, ६० सेंटिमीटर कापडात बसतात. पट्ट्यांचे जोड तिरके घाला, नाहीतर तिथे गाठोडं होतं.

ऑक्टोबरात धुताना वाकळ पिळू नका. टबात तुडवून धुवा, पाणी निथळू द्या, मग दोन दोऱ्यांवर पसरा. एकाच दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधला टाका तुटतो. पूर्ण वाळल्यावर मऊ घडी, आत कडुलिंबाचा सुका पाला, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची.