रक्त कमी, वजन जास्त!

प्रश्न : वडिलांची बायपास झाली. आधी हिमोग्लोबिन 12 होते, दुसऱ्या दिवशी 8.4. तरी रक्त चढवले नाही, उलट लघवी होण्याचे इंजेक्शन दिले. वजन मात्र 4 किलोंनी वाढलेले. हे कसे?

उत्तर : दोन्हींच्या मुळाशी बरेचसे पाणीच आहे. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा चालत नाही, म्हणून त्या आधी सलाइनसारख्या द्रावाने भरतात. साधारण एक ते दीड लिटर. 60 किलोच्या माणसात रक्त सुमारे 4.2 लिटर. त्यात 1.4 लिटर मिसळले की थेंबही न सांडता 12 चे 9 होते. अंगाने लहान माणसात घसरण याहून मोठी. ती कमी करण्यासाठी परफ्युजनिस्ट (हे मशीन चालवणारा तज्ज्ञ) आखूड नळ्या वापरतात किंवा रुग्णाचेच रक्त नळ्यांत घेऊन तिथला द्राव बाहेर काढतात. त्या वेळी रक्तदाब पडतो, त्यामुळे हे सगळ्यांना झेपत नाही.

मशीनमुळे केशवाहिन्याही झिरपू लागतात. पहिल्या रात्री रक्तदाब कमी दिसला की सलाइन सोडण्याचा मोह होतो, आणि ते सूज होऊन अंगात बसते. त्यापेक्षा 250 मिली देऊन हृदयाची फेक वाढते का ते पाहावे. वाढली नाही आणि रक्तवाहिन्या सैलावल्या असतील, तर नॉरॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळणारे औषध) बरे. स्टार्चचे द्राव टाळलेलेच चांगले, रक्तस्राव आणि मूत्रपिंड दोन्हींचा धोका.

रक्त न देणे ही हयगय नव्हे. 2017 च्या ट्रिक्स-3 चाचणीत 7.5 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांची स्थिती 9.5 ला दिलेल्यांपेक्षा वाईट नव्हती. छातीतल्या नळीतून रक्त वाहत असेल किंवा लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण) चढत असेल, तर आकड्याची वाट पाहत नाहीत. एरवी एक पिशवी (साधारण 1 ग्रॅमची वाढ), मग पुन्हा तपासणी. लघवीवाटे जादा पाणी गेले की आकडा थोडा आपोआपही वर येतो.

प्रश्न : रक्त लागूच नये म्हणून आधी काय करावे?

उत्तर : हिमोग्लोबिन कमी असल्यास फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासा. लोहाच्या गोळ्यांना आठवडे लागतात, वेळ कमी असेल तर शिरेतून लोह. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारी गोळी) सहसा 5 दिवस आधी थांबवतात; स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच नाही. शस्त्रक्रियेत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारे औषध) देतात, पण मोठ्या मात्रेने झटके (फिट) येऊ शकतात. सेल सेव्हर हे यंत्र सांडलेले रक्त धुऊन परत देतो, मात्र फक्त तांबड्या पेशी. प्लेटलेट आणि गोठवणारे घटक धुण्यात जातात. म्हणून ते रक्त भरपूर परत दिल्यावर प्लाझ्मा (गोठवणारे घटक असलेला रक्तातला द्रव भाग) लागू शकतो, तोही गोठण्याची चाचणी पाहून.