बायकोचं पहिलं बाळंतपण, तेही माहेरी मिरजेला. माझीच धडधड वाढलीय. शांत गाण्यांची यादी करून ठेवली तर फरक पडेल का?

पडेल, पण यादीने नाही. शब्द आले की डोकं शब्दांमागे धावतं, आणि नेमकं लग्नातलं गाणं लागलं तर रडू कोसळतं. मिरजेत सतार-तानपुरे बनवणाऱ्यांची अख्खी सतारमेकर गल्ली आहे आणि जावई यादी शोधतोय! तानपुरा लावा.

कुठलंही तानपुऱ्याचं अ‍ॅप चालेल. स्वर काळी एक (अ‍ॅपमध्ये C#), तारा प-सा-सा-सा, वेग असा की चार तारांची फेरी ५ सेकंदांत पुरी व्हावी. एका फेरीत श्वास आत, दुसरीत बाहेर. मिनिटाला ६ श्वास होतात. धडधड उतरते ती या संथ श्वासाने, तानपुरा नुसतं माप धरतो. ३६व्या आठवड्यापासून रोज रात्री २० मिनिटं बसा. ऐनवेळी पहिल्यांदा लावलात तर भुणभुण वाटेल.

अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये उतरवून घ्या. नेटवरून वाजवलं की मध्येच साबणाची जाहिरात किंचाळते, नाहीतर मामेसासऱ्यांचा फोन येतो. घरातला सिम नसलेला जुना फोन सगळ्यात बरा. इअरफोन एकाच कानात, नाहीतर सिस्टर औषधांची चिठ्ठी घेऊन हाका मारत बसेल. लेबर रूममध्ये स्पीकर नको, तिथे बाळाचे ठोके ऐकायचे असतात. मिरजेला गाडी चालवत निघालात तर वाटेत अजिबात नको, डोळा लागेल.

‘ती कळा सोसतेय आणि हा कानात वायरी घालून बसलाय’ असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. पहिलटकरणीला अख्खा दिवस लागू शकतो. दर दहा मिनिटांनी दारात जाऊन ‘पिशवीचं तोंड किती उघडलं?’ विचारणाऱ्या जावयापेक्षा वायरीवाला परवडला. माझं म्हणाल तर त्याला बाहेर बाकड्यावर बसवूच नये. सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीला माणूस राहू द्यायचं केंद्राने २०१६ सालीच ठरवलं, आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. ‘बायकांच्यात तुझं काय काम’ म्हणणारी आपलीच माणसं.

हां, एक राहिलं. उपाशीपोटी आत गेलात आणि रक्त बघून घेरी आली तर तानपुरा काही करत नाही. पोहे खाऊन जा, अंधारी आली की लाज न बाळगता खाली बसा. छातीत दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, ते निव्वळ टेन्शन समजू नका. आणि सिझर ठरलं की वायर खिशात. सही करायची असते, त्याआधी डॉक्टर काय सांगतात ते दोन्ही कानांनी ऐका.