फणसाच्या पेटीतला टीव्ही

(रत्नागिरीतले एक निवृत्त रेडिओ-टीव्ही मेकॅनिक या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमचं घर चौलला. गेल्या महिन्यात माळा साफ करताना गोणपाटात गुंडाळलेला आजोबांचा टीव्ही खाली उतरवला. हा विकतचा नाही, त्यांनी स्वतः बनवलेला. ते मुंबईला गोदीत वायरलेस दुरुस्तीच्या कामावर होते. घरचे सांगतात, १९७४-७५ साली दर शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून काहीबाही पिशवीत घालून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने यायचे आणि रविवारभर पडवीत बसून कथलाचे डाग देत राहायचे. पेटी आमच्याच वाडीतल्या फणसाच्या फळ्यांची. आत काचेचे, दिव्यासारखे व्हॉल्व्ह मोजले, १४ आहेत. दोनतीन व्हॉल्व्हवरची झाकणं पावडरच्या डब्याच्या पत्र्याची, त्यावरची फुलं अजून दिसतात. पिक्चर ट्यूब २० इंची, शाबूत वाटते. एक वही मिळाली, तिच्यात सर्किट काढलेलं आहे, पण मागची अर्धी वही वाळवीने खाल्ली. आत एक पाल मरून वाळली होती. अँटेनाच्या नळ्याही आहेत, सात-सव्वासात फुटांच्या. आई त्यांवर कपडे वाळत घालते.

गौरी-गणपतीला सगळे मुंबईकर घरी येतात, तेव्हा टीव्ही चालू करून दाखवावा असं मनात आहे. गावातला वायरमन म्हणतो, "पिन लावून बघू, लागला तर लागला." लावू का? आणि आता यावर काही दिसेल का? भाऊ म्हणतो, पेटी ठेव आणि आत एलईडी बसव.
— एक वाचक, चौल

उत्तर : ताई, पिन लावू नका. वायरमनला चहा पाजा आणि घरी पाठवा.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. १९८१च्या ऑगस्टात एका गिऱ्हाइकाचा सेट, दोन पावसाळे बंद पडलेला, मी असाच "लागला तर लागला" म्हणून लावला होता. पाचव्या मिनिटाला ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या भागातून, ताडताड ठिणग्या, मग मेण जळाल्याचा वास, मग अंधार. ट्रान्सफॉर्मर माझ्या खिशातून भरून दिला. तेव्हा दुकानात मिळत तरी होता.

कारण साधं आहे. पन्नास वर्षांत व्हॉल्व्ह फारसे मरत नाहीत, मरतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. कागदी कंडेन्सर दमट हवा पितात आणि गळायला लागतात. जो कंडेन्सर फक्त सिग्नल पुढे सोडणार, तो डी.सी.ही सोडायला लागतो, पुढच्या व्हॉल्व्हचा ग्रिड, म्हणजे करंट आवरणारी आतली जाळी, पॉझिटिव्ह होतो, व्हॉल्व्ह झेपेल त्याहून जास्त करंट ओढतो आणि स्वतःबरोबर ट्रान्सफॉर्मरलाही नेतो. चौलचा खारा वारा आणि त्यात माळ्यावरचं गोणपाट, म्हणजे कंडेन्सरांना मेजवानीच.

आता व्हॉल्व्हवरची अक्षरं बघा. पुसट झाली असतील, पण बोटाने चोळू नका, निघून जातात. तोंडाची वाफ द्या, मग वाचता येतात. पहिलं अक्षर 'पी' असेल, म्हणजे पी.एल. ५०४, पी.वाय. ८८, पी.सी.एल. ८५ असं काही, तर त्या व्हॉल्व्हचे हीटर एका माळेत जोडलेले आहेत, सगळ्यांतून ३०० मिलीअँपिअर जातो. पी.एल. ५०४ला २७ व्होल्ट लागतात, पी.वाय. ८८ला ३०, असे करत करत ही माळ थेट घरच्या विजेवर चालते. गणपतीच्या आराशीतल्या दिव्यांसारखी. एक गेला की सगळे अंधारात. पण त्याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा. अशा सेटला बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिसचा, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात तो पत्रा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. पिन उलटी बसली की अख्खा पत्रा जिवंत. नॉब निघालेला असेल तर त्याची दांडी, मागचा स्क्रू, सगळं. म्हणून काम करताना २३०ला २३० देणारा, ३०० व्ही.ए.चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला घरच्या तारांपासून वेगळा ठेवणारा, मध्ये हवाच. तो नसेल तर मागचं झाकण उघडूच नका.

पिक्चर ट्यूबबद्दल एकच हिशेब सांगतो. २० इंची ट्यूबचा दर्शनी भाग साधारण ४० सेंटिमीटर बाय ३०, म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. आत पोकळी आणि बाहेरून हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. म्हणजे नुसत्या तोंडावर सव्वा टनाच्या आसपास वजन बसलेलं आहे. मागची मान त्यामानाने काडीसारखी. मानेला धरून ट्यूब कधीही उचलायची नाही, आणि उचलताना पोरंटोरं पडवीबाहेर. सेट एकदा चालला की तिच्या आत पंधरा हजारांवर व्होल्ट साठतात आणि बंद केल्यावरही राहतात. लांब, चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला वायर बांधा, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या काळ्या थराला टेकलेल्या उघड्या तारेला जोडा, आणि मग ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक सरकवा. टाक् असा आवाज येतो. दोन मिनिटांनी पुन्हा करा, कारण थोडा चार्ज परत वर येतो. पहिल्या खेपेला हे कुणा जाणत्या माणसाच्या हातून होऊ द्या.

आता खऱ्या कामाला येतो. विकतचा सेट असता तर कंपनीचं सर्किट कुणाकडे तरी मिळालं असतं. तुमच्या सेटचं सर्किट जगात एकच होतं आणि अर्धं वाळवीच्या पोटात गेलं. तेव्हा आधी ते परत कागदावर आणायचं. एकही भाग काढण्याआधी मोबाइलने चारी बाजूंनी फोटो घ्या, मग पेन्सिल घेऊन बसा. वह्यांत माणूस चॅनल निवडणाऱ्या ट्यूनरपासून सुरुवात करतो, त्यामुळे माझा अंदाज असा की ट्यूनर आणि आवाजाचा भाग वाचला असेल आणि लाइन आउटपुट, म्हणजे चित्राच्या आडव्या रेघा ओढणारा भाग, गेलं असेल. घाबरू नका, ते शोधायला खुणा आहेत. ज्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर टोपी, ते तिथलेच. पी.एल. ५०४च्या डोक्यावर आतल्या प्लेटची जोडणी, पी.वाय. ८८च्या डोक्यावर कॅथोडची, आणि डी.वाय. ८७ असेल तर त्याच्या डोक्यावर पुन्हा प्लेटची. डी.वाय.चा हीटर माळेत शोधत बसू नका. त्याला दीडच व्होल्ट लागतात, ते ई.एच.टी.वरच्या एका वेढ्यातून मिळतात.

आणि काढलेलं चित्र वहीशी जुळलं नाही, तर वही बरोबर आणि हात चुकला असं धरू नका. माझ्याकडे एकदा असाच घरी बनवलेला सेट आला होता. बूस्टच्या, म्हणजे लाइन आउटपुटमध्ये वाढीव व्होल्ट तयार होतात त्या, जागी एकाऐवजी दोन कंडेन्सर एकापुढे एक. मी म्हटलं, काय हा वेडेपणा, आणि दोन्ही काढून एक ६०० व्होल्टचा बसवला. आठवड्यात फुटला. तिथे आठशेच्या वर व्होल्ट होते. बनवणाऱ्याला १००० व्होल्टचा मिळाला नसणार, म्हणून त्याने ६००चे दोन जोडून दाब वाटून घेतला होता. तेव्हापासून घरगुती सेटमध्ये विचित्र काही दिसलं की मी आधी अर्धा तास नुसता बघतो. तुमच्या आजोबांचाही असाच एखादा जुगाड निघेल. पावडरच्या डब्याची झाकणं तर काढूच नका. ती शोभेची नाहीत, एका टप्प्यातला सिग्नल दुसऱ्यात शिरू नये म्हणून आहेत. आय.एफ. कॉइल, म्हणजे ट्यूनरनंतर सिग्नल मोठा करणाऱ्या भागातल्या, बहुधा त्यांनी हाताने गुंडाळल्या असतील. त्यांच्या आतला गाभा फिरवायचा मोह भल्याभल्यांना होतो. फिरवू नका. जुना गाभा तडकला की तिथेच अडकतो, आणि ट्यूनिंग गेलं ते गेलं.

सफाई : आधी कोरडा ब्रश, मग डिस्टिल्ड पाण्यात पिळलेलं फडकं, कारण मीठ पाण्यानेच निघतं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. ट्यूनरच्या टिकटिक फिरणाऱ्या ड्रमला पॉलिश पेपर लावू नका, त्यावर चांदीचा मुलामा असतो. पालीचा सांगाडा काढा आणि ती जिथे चिकटली होती तिथला काळा डाग खरवडा. जळका डाग वीज वाहतो.

ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर वाळवायचा तो खोक्यात ४० वॉटचा बल्ब लावून, चारपाच दिवस. उन्हात नाही, चुलीवर तर नाहीच. मी तरुणपणी एक चुलीवरच्या शिंक्यात टांगला होता. मेण वितळून खालच्या आमटीत पडलं. त्या दिवशी ट्रान्सफॉर्मरपेक्षा माझीच जास्त दुरुस्ती झाली.

कागदी कंडेन्सर सगळे बदला, एकेक करून, दरवेळी चित्रावर टिक मारत. बूस्टचा नवा घ्याल तो १००० व्होल्टच्या वरचा. मोठे फिल्टर कंडेन्सर बदलताना जुना ॲल्युमिनियमचा डबा जागेवर ठेवा आणि नवे त्याच्या आत बसवा. रेझिस्टर मीटरने तपासा. दमट हवेत कार्बनवाले वाढतात, १ मेगचा दीड मेग झालेला सहज सापडतो, आणि मग चित्र बुटकं दिसतं. काढलेलं सगळं बरणीत भरून ठेवा, वर चिठ्ठी लावून.

पहिल्यांदा चालू कराल ते सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून. बल्ब आधी भडक पेटेल, मग हीटर तापले की मंद होईल. भडकच राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. सगळं ठीक वाटलं तरच बल्ब काढून पूर्ण विजेवर, आणि पहिली दोन मिनिटं नजर पी.एल.वर. प्लेट लाल व्हायला लागली की लगेच बंद. रेघांचा ताल देणारा लाइन ऑसिलेटर चालत नाही, त्यामुळे पी.एल.च्या ग्रिडला निगेटिव्ह मिळत नाही, असा त्याचा अर्थ. ऑसिलेटर चालतो हे कानालाही कळतं. आपल्या ६२५ रेघांच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ रेघा, तेवढीच बारीक शिट्टी येते. मला ती पन्नाशीनंतर ऐकू येईनाशी झाली. मी नातीला शेजारी बसवतो, ती मान हलवते.

दिसणार काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, चॅनल ४वर. तुमच्या नळ्या सव्वासात फुटांच्या, म्हणजे सव्वादोन मीटर, म्हणजे बरोबर चॅनल ४ची अर्धी तरंगलांबी. आजोबांनी मापं काढूनच कापल्या होत्या. वरळीच्या मनोऱ्यावरून तुमच्याकडे बहुतेक वाट पाण्यावरूनच, चित्र चांगलं येत असणार. ती जुनी प्रक्षेपणं २०२२पर्यंत जवळपास सगळी बंद झाली, आता नळीला नुसत्या मुंग्या. पण फ्री डिशच्या बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांना आर.एफ. मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाज टीव्ही चॅनलवर चढवणारी डबी, लावून त्याचं आउटपुट सेटला देता येतं. घेताना दोन गोष्टी विचारा. व्ही.एच.एफ.चं, म्हणजे जुन्या दूरदर्शनच्या पट्ट्यातलं, चॅनल ३ किंवा ४ देतो का? बरेचसे फक्त त्याहून वरचा यू.एच.एफ. पट्टा देतात, ते तुमच्या ट्यूनरला दिसणार नाहीत. आणि आवाज ५.५ मेगाहर्ट्झवर आहे का? ४.५ किंवा ६.५चा निघाला तर चित्र येईल आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. आईच्या नळ्या कपड्यांसाठी राहू द्या.

भावाला सांगा, एलईडी बसवायचाच तर बाजारातली नवी पेटी घे. या पेटीला हात लावू देणार नाही म्हणावं.

आणि गणपतीचं म्हणाल, तर या गणपतीला नाही. भाद्रपदातल्या हवेत पंधरा हजार व्होल्ट उघड्यावर आणणं मी या वयातही करत नाही. या वर्षी पेटी पुसून ओटीवर मांडा, शेजारी वही ठेवा. त्या पिढीतला कुणी आला तर विचारा, तेव्हा पडद्यावर काय काय दिसायचं आणि सेटला कुठे थापटलं की चित्र स्थिर व्हायचं. हे दुसरं विचाराच. जिथे थापटायचे, तिथलाच कथलाचा डाग सुटलेला असतो. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की कामाला बसा. शिमग्याला पालखी दारात येईल तोवर होऊन जाईल.

प्रश्न : जुन्या रेडिओतल्या एका व्हॉल्व्हच्या आत वर आरशासारखा चकचकीत भाग होता, तो दुधासारखा पांढरा झाला आहे. साफ कसा करावा?
— एक वाचक, देवगड

उत्तर : होत नाही. तो भाग म्हणजे गेटर, आत उरलीसुरली हवा खाऊन टाकणारा बेरियमचा थर. पांढरा पडला म्हणजे काचेला चीर गेली आणि बाहेरची हवा आत शिरली. पिनांजवळ भिंगाने बघा, केसाएवढी रेघ दिसेल. नंबर लिहून घ्या आणि तोच दुसरा शोधा. हा फेकला तरी चालेल, पण कागदात गुंडाळून. काच पातळ असते, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागेल.